एआयचे नियम जगात कोण ठरवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी २०२६ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये एआयची शिखर परिषद झाली. गर्दी, वाहतूक कोंडी आणि बड्या पाहुण्यांच्या बातम्या भरपूर आल्या. नियमांचं काय ठरलं याच्या फार कमी. चॅटबॉट कसा वापरावा हे इथे सांगितलेलं नाही. या तंत्रज्ञानावर वचक कुणाचा, तो कसा बसवला जातोय आणि त्यात श्रीमंत देशांबाहेरच्या लोकांना कितपत विचारलं जातं, एवढंच पाहायचंय.

एआयसाठी सगळ्या जगाचा मिळून एखादा कायदा आहे का?

नाही. विमान वाहतुकीसाठी १९४४ चा शिकागो करार आहे, अणुऊर्जेसाठी व्हिएन्नात संस्था आहे. एआयसाठी आहेत ती तत्त्वं, जाहीरनामे आणि शिफारशी. त्यातली सगळ्यात व्यापक युनेस्कोची. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्या १९३ सदस्य देशांनी एआयच्या नैतिकतेबद्दलची शिफारस मान्य केली. कागद चांगला आहे. नागरिकांना गुण देऊन त्यांची प्रतवारी लावणं आणि सरसकट पाळत ठेवणं, या दोन्हींना त्यात स्पष्ट नकार आहे. पण शिफारस ती शिफारस. ती धाब्यावर बसवणाऱ्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही.

म्हणजे बंधनकारक काहीच नाही?

आहे, पण ते युरोपातून आलंय.

पहिला प्रकार कौन्सिल ऑफ युरोपच्या कराराचा. (ही संस्था आणि युरोपीय संघ वेगळे, बातम्यांत सर्रास गल्लत होते.) ५ सप्टेंबर २०२४ ला लिथुआनियाच्या व्हिल्नियसमध्ये तो सह्यांसाठी खुला झाला. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने पहिल्याच दिवशी सही केली. युरोपाबाहेरच्या देशांनाही त्यात येता येतं. मात्र राष्ट्रीय सुरक्षेच्या कामांना यातून सूट आहे, आणि खासगी कंपन्यांना हा करार कसा लावायचा हे बरंचसं त्या त्या देशावर सोडलंय. म्हणजे जिथे धाक हवा होता, नेमका तिथेच तो ढिला पडला.

दुसरा प्रकार युरोपीय संघाच्या एआय कायद्याचा. तो १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला आणि २ फेब्रुवारी २०२५ पासून काही वापरांवर थेट बंदी आली. दंड मोठा आहे: ३.५ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. आपल्याकडच्या वाचकाने इथे जरा थांबावं. हिंजवडीत बसून कुणी नोकरीचे अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर बनवलं आणि ते जर्मनीतल्या कंपनीला विकलं, तर तेही या कायद्याच्या कक्षेत येतं, आणि नोकरभरती हा कायद्याने जास्त जोखमीचा मानलेला वर्ग आहे. (जास्त जोखमीच्या वर्गाच्या तारखा पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला, कायदा मात्र जागेवर आहे.) हिंजवडीतल्या त्या माणसाला ब्रसेल्समध्ये मत नव्हतं. ज्या खोलीत आपण नव्हतो तिथले नियमही आपल्या दारात येतात, ते असे.

७ आणि ११८ हे आकडे सारखे ऐकू येतात. ते कशाचे?

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुटेरेस यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ३९ जणांचं एक सल्लागार मंडळ नेमलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचा अंतिम अहवाल आला. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांबाहेरचे एआय नियमनाचे सात ठळक उपक्रम घेतले: ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेची तत्त्वं, जी-२० ची तत्त्वं, कौन्सिल ऑफ युरोपची मसुदा समिती, ब्लेचलीच्या एआय परिषदेचा जाहीरनामा वगैरे. मग कोणता देश कशात आहे, याची साधी मोजणी केली.

सातही उपक्रमांत असलेले देश सात. एकाही उपक्रमात नसलेले ११८.

ते सात म्हणजे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि जपान. जी-७ ची यादी जशीच्या तशी. ११८ मधले बहुतेक देश आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधले. भारत यात अध्येमध्ये आहे. काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. जी-२० मध्ये असल्यामुळे आपण कोरे राहिलो नाही, पण ओईसीडीचे आपण सदस्य नाही.

देशांना बोलावलं की समावेश झाला, असं नाही का?

पंगतीला बोलावणं वेगळं आणि काय शिजवायचं हे विचारणं वेगळं. नाव यादीत आल्यावरही तीन अडचणी उरतात.

पहिली माणसांची. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात छोट्या देशाच्या कार्यालयात मोजकेच अधिकारी असतात. हवामान, निर्वासित, व्यापार आणि आता एआय, सगळं त्यांच्याच गळ्यात. मसुद्याचा नवा पाठ रात्री येतो, सकाळी त्यावर बैठक. मोठ्या देशाच्या मागे वकिलांची आणि अभियंत्यांची फौज असते. छोट्या देशाचा अधिकारी एका बैठकीतून उठून दुसरीकडे पळत असतो. तिथे त्याची खुर्ची असते, तिच्यावर त्याच्या देशाचं नाव असतं, आणि मजकुरात त्याचा एक शब्द नसतो.

दुसरी व्हिसाची. हे क्षुल्लक वाटतं, पण नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये कॅनडात भरलेल्या न्यूरिप्स या एआयच्या सर्वांत मोठ्या संशोधन परिषदेला निघालेल्या आफ्रिकेतल्या कित्येक संशोधकांना व्हिसाच मिळाला नाही. त्यावर बराच गाजावाजा झाला. आयसीएलआर या दुसऱ्या मोठ्या परिषदेने २०२० साली आदिस अबाबाला जायचं ठरवलं; कोविडमुळे ती ऑनलाइन झाली. शेवटी २०२३ मध्ये ती रवांडातल्या किगालीत भरली. बैठकीचं गाव बदललं की खोलीतले चेहरे बदलतात, हे तिथे दिसलं.

तिसरी अडचण सगळ्यात जड: तपासण्याची ताकद. समोरचं एआय मॉडेल धोकादायक आहे की नाही हे बघायला संगणन, म्हणजे संगणकांची मोठी ताकद लागते, तज्ज्ञ लागतात, आतली माहिती लागते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पाहणी केली, तर एआयसाठी खास उभारलेली डेटा सेंटरं जगातल्या जेमतेम ३२ देशांत सापडली. बाकीच्यांनी कंपनी सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. माझ्या मते समावेशाची खरी कसोटी ही आहे. ज्याला स्वतः तपासता येत नाही, त्याची सही फक्त शोभेची.

ब्लेचली, सोल, पॅरिस, दिल्ली: या परिषदांमधून हाती काय लागलं?

ब्लेचली पार्क (१ आणि २ नोव्हेंबर २०२३) ही दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यासाठी वापरलेली इंग्लंडमधली जागा. तिथे २८ देश आणि युरोपीय संघाने सह्या केल्या. त्यांत अमेरिका आणि चीन दोघं होते, ही मोठीच गोष्ट. भारतही होता, आफ्रिकेतून केनिया, नायजेरिया आणि रवांडा. चर्चेचा भर अतिशय शक्तिशाली मॉडेलांमुळे ओढवणाऱ्या मोठ्या धोक्यांवर होता. यातूनच कॅनडातले एआय शास्त्रज्ञ योशुआ बेंजिओ यांच्या अध्यक्षतेखालचा आंतरराष्ट्रीय सुरक्षा अहवाल निघाला. ३० देशांनी सुचवलेल्या तज्ज्ञांचा त्यात सहभाग आहे. जानेवारी २०२५ मध्ये तो पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात आला. या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत टिकाऊ काम मला तेच वाटतं.

सोलमध्ये (मे २०२४) १६ कंपन्यांनी स्वतःहून सुरक्षेची वचनं दिली. त्यांत चीनची झिपू आणि अमिरातीतल्या संस्थाही होत्या.

पॅरिसला (१० आणि ११ फेब्रुवारी २०२५) फ्रान्ससोबत भारत सहअध्यक्ष होता. निवेदनात सर्वसमावेशक आणि शाश्वत एआयचा पुरस्कार होता. चीन आणि भारताने सही केली. अमेरिका आणि ब्रिटनने केली नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी भाषणात अति-नियमनावर टीका केली. ब्रिटनचं म्हणणं, जागतिक नियमनाबद्दल मजकूर पुरेसा स्पष्ट नाही आणि राष्ट्रीय सुरक्षेचे प्रश्न त्यात नीट आलेले नाहीत. तोवर परिषदेची विषयपत्रिका सुरक्षेकडून गुंतवणुकीकडे सरकली होती, हे मंडपातल्या घोषणांवरूनच कळत होतं.

दिल्लीची परिषद विकसनशील जगात झालेली या मालिकेतली पहिली. घोषवाक्य होतं ‘सर्वजन हिताय, सर्वजन सुखाय’. जाहीरनाम्याला ८० हून अधिक देशांनी पाठिंबा दिला; अमेरिका, ब्रिटन, चीन सगळे आले. मात्र मजकूर ऐच्छिक स्वरूपाचा आहे. सगळ्यांची सही हवी असेल तर दात काढून घ्यावे लागतात, आणि ते काढले गेले. तरीही संगणन, डेटा आणि कौशल्यं कुणाला मिळणार हा प्रश्न मध्यभागी आला, तो दिल्लीतच. ब्लेचलीत तो कोपऱ्यात होता.

संयुक्त राष्ट्रं नेमकं काय करतायत?

बरंच काही, संथपणे. २१ मार्च २०२४ ला अमेरिकेने मांडलेला एआयवरचा पहिला ठराव आमसभेत मतदानाशिवाय मंजूर झाला. त्याच वर्षी १ जुलैला चीनने मांडलेला क्षमता-उभारणीचा ठरावही तसाच मंजूर झाला. दोघांनी एकमेकांच्या ठरावाला साथ दिली होती, हे आज वाचताना नवल वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक डिजिटल करार आला.

खरी यंत्रणा उभी राहिली २६ ऑगस्ट २०२५ च्या ठरावाने. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, ४० स्वतंत्र शास्त्रज्ञांचं मंडळ. एका देशाचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत, अशी अट आहे. दोन, दरवर्षी सगळ्या देशांचा संवाद. ठरावानुसार जुलै २०२६ मध्ये जिनिव्हात आणि २०२७ मध्ये न्यूयॉर्कला. मंडळाने पुरावा समोर ठेवायचा, धोरण काय असावं हे सांगायचं नाही. लष्करी एआय त्याच्या कक्षेबाहेर ठेवलाय. फेब्रुवारी २०२६ मध्ये ४० नावांवर मतदान झालं तेव्हा ११७ देश बाजूने होते. विरोधात अमेरिका आणि पॅराग्वे.

नुसत्या अहवालांनी काय होणार, असं विचारणारे असतातच. हवामानाचं उदाहरण बघा. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची स्थापना १९८८ ची, पहिला अहवाल १९९० चा, आणि रिओचा हवामान करार १९९२ चा. अहवालाने करार झाला असं म्हणणं सोपं करून सांगणं होईल. पण सगळ्यांना मान्य असलेला पुरावा समोर नसता तर वाटाघाटी कशावर झाल्या असत्या?

अमेरिका आणि चीनचं जमत नाही. मग सहकार्य होणार कसं?

तुकड्यातुकड्यांत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूतल्या लिमात बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रं वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहील, असं मान्य केलं. एवढ्या एका वाक्यासाठी कितीतरी महिने लागले. त्यानंतर वारं फिरलं. जुलै २०२५ मध्ये चीनने शांघायमध्ये एआय सहकार्यासाठी वेगळी जागतिक संस्था काढायचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीने सुरक्षा परिषदेत एआयचं केंद्रीकृत जागतिक नियमन आपल्याला साफ नामंजूर असल्याचं सांगितलं. दोघांच्या मध्ये उरलेल्या देशांनी कुणा एकाच्या गोटात जायची घाई करू नये, असं माझं मत. मोलभाव करायची हीच वेळ.

चिपांचा नियमनाशी काय संबंध?

सगळ्यात थेट संबंध. जाहीरनामे कुणी वाचत नाही, चिपा न मिळाल्याचं मात्र लगेच कळतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपांच्या चीनला होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध घातले. जानेवारी २०२५ मध्ये तर जगाचे तीन गट पाडणारा नियम काढला: १८ जवळच्या देशांना मोकळीक, काहींना बंदी, आणि मधल्यांना मर्यादा. भारत मधल्या गटात. पॅरिसच्या परिषदेत आपण सहअध्यक्ष म्हणून बसलो त्याच्या चार आठवडे आधीची ही गोष्ट. तो नियम लागू होण्याआधीच मे २०२५ मध्ये नव्या सरकारने मागे घेतला. पण घेतला तोही वॉशिंग्टनने, घातला तोही वॉशिंग्टनने.

भारताची भूमिका सरळ आहे का?

फारशी नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. विकसनशील देशांचा आवाज म्हणून भारत पुढे असतो. २०२० मध्ये स्थापन झालेल्या जीपीएआय या एआयवरच्या आंतरराष्ट्रीय गटाचा तो संस्थापक सदस्य. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एआय सुरक्षा संस्थांचं आंतरराष्ट्रीय जाळं सुरू झालं, तेव्हा पहिल्या दहांत केनिया होता, भारत नव्हता. स्वतःची सुरक्षा संस्था भारताने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली.

देशांतर्गत वेगळा कायदा नको, आहे त्या कायद्यांवर भागवू, अशी नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका. मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचं इंडिया एआय मिशन मंजूर झालं. त्यातून स्टार्टअप आणि संशोधकांना सवलतीत संगणन मिळतं.

आणि स्वयंचलित शस्त्रं. डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेत त्यांच्याबद्दलचा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात चार मतं पडली, त्यांतलं एक भारताचं. भारताचं म्हणणं, हा विषय जिनिव्हातल्या शस्त्रकराराच्या चौकटीतच हाताळावा. युक्तिवाद म्हणून ते ठीक. पण सर्वसमावेशकतेची भाषा बोलणाऱ्याला हे मत परिषदेच्या भाषणांत सांगायला अवघड जातं.

या सगळ्यात मराठीचा प्रश्न येतो कुठे?

सुरक्षेत येतो. फक्त अस्मितेत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी घातक प्रश्न झुलू, स्कॉट्स गेलिक, हमोंग, ग्वारानी अशा भाषांत भाषांतर करून जीपीटी-४ ला विचारले. इंग्रजीत जवळजवळ नेहमी नकार देणारं मॉडेल या भाषा आलटूनपालटून वापरल्यावर ७९ टक्के वेळा फसलं. कुंपण इंग्रजीपुरतंच घातलं होतं.

आता आपल्या शिवारात या. शेतीसल्ल्यासाठी एआय वापरण्यावर राज्य सरकारचा भर आहे. जून २०२५ मध्ये ५०० कोटींचं महाॲग्री-एआय धोरण मंजूर झालं. समजा, यवतमाळचा कापूस उत्पादक विचारतो, ‘गुलाबी बोंडअळी दिसून राहिली, पंपाला किती टाकू?’ त्याला औषध पाठीवरच्या पंपाच्या हिशोबात हवंय. लिटरमागे किंवा हेक्टरमागे आकडा सांगून उपयोग नाही, आणि रूपांतरात चूक झाली तर प्रकरण जिवावर बेततं. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. असा प्रश्न लंडनच्या किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत कधी येणार? तो माहीत असलेला माणूस चाचणी ठरवणाऱ्यांत बसला तरच. आंतरराष्ट्रीय समावेश म्हणतात तो शेवटी इथवर पोचायला हवा.

मराठीचं तरी बरं आहे; २०११ च्या जनगणनेनुसार ८.३ कोटी मातृभाषक, शासकीय पाठबळ, वर्तमानपत्रं. कोकणी देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांत विखुरलेली. गोंडी बोलणारे २९ लाखांच्या घरात, पण आठव्या अनुसूचीत ती नाही. दिल्ली जिनिव्हाला जे ऐकवते, तेच गडचिरोलीने दिल्लीला ऐकवायला हवं.

मॉडेलांसाठी राबणाऱ्या माणसांबद्दल कुणी बोलतं का?

फार कमी. मॉडेलला घाणेरडा मजकूर ओळखता यावा म्हणून आधी तो कुणीतरी वाचून त्यावर खुणा कराव्या लागतात. हे काम नैरोबीत ताशी दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीत करून घेतल्याचं जानेवारी २०२३ मध्ये उघड झालं. त्याच वर्षी १ मे रोजी तिथल्या मजकूर तपासणाऱ्या कामगारांनी संघटना बांधायचा ठराव केला. शिखर परिषदांच्या व्यासपीठावर मात्र संस्थापक आणि मंत्रीच दिसतात.

अणुऊर्जेसारखी एखादी तपासणी संस्था का नाही काढत?

युरेनियम वजन करून मोजता येतं, खाणीपासून अणुभट्टीपर्यंत माग काढता येतो. मॉडेलची प्रत पेनड्राइव्हवरही जाते. प्रचंड डेटा सेंटरं आणि चिपा मोजता येतील, त्यामुळे कल्पना अगदीच टाकाऊ नाही. पण आज मोठ्या देशांची तयारी नाही.

या इतिहासात आपल्याला घेण्यासारखं दुसरं काही आहे. अणुऊर्जेवरची १९५५ ची जिनिव्हा परिषद झाली तेव्हा अध्यक्ष होते होमी भाभा. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था उभी राहताना तिची घटना घडवण्याच्या वाटाघाटींत भारत होता, आणि संचालक मंडळात तेव्हापासून त्याची जागा पक्की आहे. देश तेव्हा गरीबच होता. पण मुंबईत एक संशोधन केंद्र होतं आणि विषय कळणारी माणसं होती.

कंपन्यांना या टेबलावर जागा द्यावी का?

साक्ष द्यायला हो, मत द्यायला नाही. आतली माहिती त्यांच्याकडेच असते, त्यामुळे टाळून चालत नाही.

सामान्य माणसाने आपलं म्हणणं मांडायचं कुठे?

जिनिव्हाला जायची गरज नाही. केंद्र सरकार नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले करतं. एआयने बनवलेल्या फोटो-व्हिडिओंवर खूण असावी, या नियमाचा मसुदा २२ ऑक्टोबर २०२५ ला आला; सूचनांसाठी सुरुवातीची मुदत ६ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम पंधरवडा. खुणेने दृश्याचा किमान १० टक्के भाग व्यापावा, अशी त्यात अट होती. हरकती आल्या, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या अंतिम नियमांत ती अट राहिली नाही. म्हणजे लिहिल्याने फरक पडतो. मुदत कमी असते आणि मसुदा इंग्रजी-हिंदीत असतो, ही रड आहेच. मराठीत सूचना पाठवायला त्यामुळे संकोचू नका. ग्राहक पंचायत, शेतकरी संघटना, पत्रकार संघ यांनी एकत्र लिहिलं तर जास्त वजन पडतं.

दुसरं काम त्याहून सोपं. भाषिणी या केंद्र सरकारच्या भाषा-तंत्रज्ञान उपक्रमाच्या ‘भाषादान’ संकेतस्थळावर मराठी निवडून वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करता येतात, दुसऱ्यांनी केलेली तपासताही येतात. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात, तळकोकणात वाढलेल्यांनी हे आधी करावं; पुण्या-मुंबईचे आवाज तसेही जमतात.